बँडवादनाचे शिक्षण

सुषिर वाद्ये व तालवाद्ये यांच्या मेळाला सामान्यतः बँड म्हणतात. तंतुवाद्यांना त्यात प्रमुख स्थान नसल्याने तो वाद्यवृंदाहून वेगळा ठरतो. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन तसेच कॉर्नेट, ट्रंपेट, ट्राँबोन, युफोनियम ही पितळी वाद्ये आणि ढोल, झांजा इ. तालवाद्ये त्यात असतात. या मेळात वाजविण्याचे शिक्षण बव्हंशी मेळात बसूनच मिळते. स्वतःचा भाग वाजवीत असताना शेजारच्याचा स्वर ऐकणे व सर्वांबरोबर श्वास घेणे, हे एकट्याने केलेल्या अभ्यासाने साधत नाही. गोवा व महाराष्ट्र या प्रदेशांत या शिक्षणाच्या दोन परंपरा आढळतात : एक स्वरलेखन वाचून वाजविण्याची व दुसरी कानाने ऐकून वाजविण्याची. त्यांतील भेद केवळ पद्धतीचा नाही. वादकाची उपजीविका व प्रतिष्ठा यांवरही त्याचा खोल परिणाम झाला.

यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पितळी वाद्यांना झडपा बसविण्यात आल्या. त्यामुळे सर्व स्वर सुलभपणे काढता येऊ लागले व ही वाद्ये हौशी वादकांच्या आवाक्यात आली. सॅक्सोफोनचे एकस्व १८४६ मध्ये घेण्यात आले. इंग्लंडमधील गिरण्या व खाणी यांतील कामगारांनी याच शतकात आपापले बँड उभे केले.

भारतात हे वादन मुख्यतः लष्करी पलटणींबरोबर आले. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता व त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपीत रचनाही लिहिल्या गेल्या. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० मध्ये, पचमढी येथे लष्करी संगीताच्या शिक्षणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

सर्वसामान्य कुटुंबांतील मुलांना स्वरलेखनाचे शिक्षण देणारी सर्वांत जुनी व व्यापक व्यवस्था मात्र गोव्यातील चर्चच्या शाळांची होय. तेथील शिक्षकाला ‘मेस्त’ म्हणत. विद्यार्थ्याच्या हाती लगेच वाद्य दिले जात नसे. प्रथम हाताने मात्रा मोजीत स्वरनामे म्हणावयाची, पाहता क्षणी स्वरलेखन गाता यावयास हवे आणि त्यानंतरच व्हायोलिन किंवा एखादे सुषिर वाद्य, असा क्रम असे. तयार झालेला मुलगा प्रार्थनागीतांत, गावच्या फेस्तात, मिरवणुकीत व अंत्ययात्रेत साथ करी. जाणत्या वादकाशेजारी नवशिका बसे व चुकत-सावरत आपला भाग उचली. गावाच्या धार्मिक जीवनाला वादक हवे असत आणि वादकाला श्रोते आपोआप लाभत; ही परस्परांची गरज हाच त्या शिक्षणाचा आधार होता.

गोव्यात रोजगार अपुरा असल्याने यांतील अनेक जण ब्रिटिश हिंदुस्थानात गेले. लष्करी व संस्थानी बँड, हॉटेले, मूकपटांची चित्रपटगृहे व पुढे बोलपटांचे वाद्यवृंद यांत त्यांना काम मिळाले. कलकत्त्यातील लोबो या गोमंतकीय बँडमास्तरांकडे अल्लाउद्दीनखाँ व्हायोलिन शिकले. पुढे त्यांनीच मैहर येथे अनाथ मुलांना घेऊन बँड उभारला. मुंबईत संगीतदिग्दर्शकांच्या चाली स्वरलेखनात उतरवून अनेक वाद्यांत विभागण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस इ. गोमंतकीयांनी केले. गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल शर्मा यांचे वडील रामप्रसाद शर्मा हे ट्रंपेटवादक होते व तेही स्वरलेखन शिकवीत. म्हणजे ही विद्या विशिष्ट समाजापुरती मर्यादित नव्हती; शिकविणारा भेटणे एवढीच तिची अट होती.

ही अट लग्नाच्या बँडमधील बहुसंख्य वादकांच्या बाबतीत पूर्ण झाली नाही. सनई, हलगी इ. वाद्ये परंपरेने वाजविणाऱ्या कुटुंबांतील अनेक जण विसाव्या शतकात या बँडकडे वळले. येथे मुख्य वादक क्लॅरिनेट किंवा ट्रंपेटवर चाल उचलतो व इतर जण तीच चाल बहुधा एकस्वरात धरतात. पोरवयात झांजा वा खुळखुळा, नंतर ढोल आणि शेवटी पितळी वाद्य, अशा पायऱ्यांनी मुलगा वर चढतो. नवे चित्रपटगीत दोन-चार वेळा ऐकून बसविण्याइतकी त्यांची स्मरणशक्ती तयार असते. परंतु वाद्ये व गणवेश बहुधा मालकाचे, काम लग्नसराईपुरते आणि स्वरलेखन अवगत नाही, यांमुळे ध्वनिमुद्रणगृह किंवा शासकीय बँड यांची दारे त्यांना सहसा उघडली नाहीत. कौशल्य असूनही ‘बाजेवाला’ हीच त्यांची ओळख राहिली.

ठाणे परिसरात या परंपरा शेजारी-शेजारी नांदल्या. ठाण्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत लग्नाच्या व सणांच्या मिरवणुकींत बँडला मान असे. खाडीपलीकडील कळवा व त्यापुढील आगरी-कोळी गावांत हळदी-लग्नाला बँड आणि अलीकडच्या काळात बेंजोची पथके वाजू लागली. बेंजो म्हणजे विजेवर ध्वनिवर्धन केलेला बुलबुलतरंग. त्याच्या जोडीला कळफलकी वाद्ये व ढोल असतात. त्याचे शिक्षणही वस्तीतच, वडीलधाऱ्या वादकांच्या हाताखाली व कानानेच होते. गणेशोत्सवापूर्वी ढोल-ताशा पथकांत सराव करणारे तरुण-तरुणी हे याच सामुदायिक शिक्षणाचे हौशी रूप होय.

१९६१ नंतर गोव्यातील बदललेल्या शिक्षणव्यवस्थेत चर्चच्या शाळांचे महत्त्व ओसरले. पणजीतील संगीत अकादमी (१९५२) व कला अकादमी (१९७०) यांनी पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण पुढे चालविले, तरी गावोगावच्या मेस्तची जागा शहरातील संस्था पूर्णपणे भरून काढू शकत नाही. १९९० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक वाद्यांमुळे चित्रपटांतील मोठे वाद्यवृंदही विरळ झाले व स्वरलेखनाने मिळणारा रोजगार घटला. अमेरिकेत मात्र १९९१ मध्ये रॉय अर्न्स्ट यांनी रॉचेस्टर येथे, पूर्वी कधीच वाद्य न शिकलेल्यांनाही सामावून घेणारा प्रौढांचा बँड सुरू केला व त्याचे अनुकरण इतरत्र झाले. बँड टिकण्यास केवळ वाद्ये व शिक्षक पुरेसे नसतात. नवशिक्याला आपल्यात बसवून घेणारा मेळ आणि त्या मेळाची गरज असणारी वस्ती, या दोहोंवर त्याचे शिक्षण अवलंबून असते, हेच या इतिहासावरून दिसून येते.