तीन सिलिंडरवर चालणारी गाडी

ठाण्याहून कळवा ओलांडून बेलापूरकडे निघाले की पूर्वेची पारसिकची डोंगररांग आणि पश्चिमेची ठाण्याची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत दिघा लागते. आज ते नवी मुंबईचे उत्तरेकडचे टोक मानले जाते. शेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या या पट्टीचे रूप १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर बदलू लागले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना रसायनांचे, विजेच्या यंत्रसामग्रीचे आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले. कच्चा माल आणणारे ट्रक, कामगारांना पाळीच्या वेळी नेणाऱ्या-आणणाऱ्या बसगाड्या आणि अधिकाऱ्यांच्या मोटारी यांच्यामागोमाग या रस्त्यावर मोटारदुरुस्तीचा धंदाही आला. कारखान्यांचा इतिहास वार्षिक अहवालांत नोंदला जातो, नगराचा इतिहास सिडको आणि महापालिकेच्या कागदपत्रांत सापडतो. गॅरेजमधल्या विद्येची मात्र अशी दफ्तरे नाहीत, आणि म्हणूनच तिच्याकडे इतिहास म्हणून पाहणे अधिक निकडीचे आहे. त्या विद्येचा कस लागतो तो अपघातात चेपलेल्या गाडीपेक्षा, महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिलेली गाडी पुन्हा सुरू करताना.

अशी गाडी बहुधा सुरू होते, पण नीट चालत नाही. बॉनेट थरथरते, मागच्या नळीतून एकसारख्या आवाजाऐवजी अडखळते फटकारे ऐकू येतात, ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन गुदमरते. या अवस्थेला गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात आणि गाडी ‘तीनवर चालते’ असे निदान सांगितले जाते. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर हवा-पेट्रोलचे मिश्रण ओढणे, ते दाबणे, ठिणगीने पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे क्रमाने करतो, आणि चौघांच्या पेटण्याच्या वेळा ठरावीक क्रमाने, बहुतेक इंजिनांत एक, तीन, चार, दोन अशा, येतात, म्हणून क्रँकशाफ्टला अखंड जोर मिळत राहतो. एक सिलिंडर पेटला नाही की या फेऱ्यात खाडा पडतो, उरलेल्या तिघांना चौथ्याचाही भार ओढावा लागतो आणि तोच खाडा कानाला अडखळण्याच्या रूपाने ऐकू येतो. निदानाचा सारा प्रश्न मग एवढाच उरतो की मुकाट बसलेला सिलिंडर कोणता आणि त्याला ठिणगी, पेट्रोल, हवा व दाब या चारांपैकी काय मिळत नाही.

मोटारी दीर्घकाळ उभ्या राहण्याची कारणे काळानुसार बदलत गेली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाल्यावर अनेक खासगी गाड्या बंगल्यांच्या मोटारखान्यांत चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन ठेवल्या गेल्या. काही बसगाड्या आणि मोटारींना कोळसावायूची भट्टी जोडली गेली, म्हणजे अपुऱ्या हवेत लाकडी कोळसा जाळून निघणाऱ्या ज्वालाग्राही वायूवर इंजिन चालवण्याची सोय करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर कारण बदलले. जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून मोटारी तयार करत होती, पण देशातच निर्मिती करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जोडणी करू द्यायची नाही असे सरकारी धोरण ठरल्यावर तिने आणि फोर्डने १९५४मध्ये येथील काम थांबवले. त्यांच्या हजारो गाड्या रस्त्यावर राहिल्या, सुट्या भागांचा ओघ मात्र आटला. एखादे गॅस्केट किंवा एखादा बेअरिंगचा जोड मिळेपर्यंत गाडी वर्षभर झाकून ठेवणे ही त्या काळाची रीत झाली आणि मुंबईचा चोरबाजार जुन्या भागांसाठी मेकॅनिकांचे माहेरघर बनला.

या पोकळीत वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट आली, आणि पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे तिचे चार सिलिंडरांचे इंजिन मुंबई-ठाण्याच्या मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्यांची शाळा ठरले. नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, त्यामुळे जुनी गाडी कितीही बिघडली तरी मोडीत काढण्याचा विचार कोणी करत नसे. आजच्या ‘भाग बदला’ या रीतीच्या तुलनेत त्या काळची ‘कारण शोधा’ ही रीत केवळ टंचाईतून आली असे म्हणणे अपुरे आहे. टंचाईने तिला भाग पाडले हे खरे, पण तिला शास्त्राचे वळण दिले ते हाताने काम करणाऱ्या माणसांच्या चिकाटीने, आणि त्याचे श्रेय त्यांना क्वचितच मिळाले.

उभ्या गाडीत नेमके काय घडते हे समजल्याशिवाय त्या रीतीची तर्कशुद्धता लक्षात येत नाही. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हलक्या-जड हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. टाकीत आणि कार्बोरेटरच्या वाटीत ते साचून राहिले की लवकर पेट घेणारे हलके घटक उडून जातात, उरलेल्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट थर तयार होतो, आणि जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे पितळी छिद्र, त्या थराने अरुंद होते. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची सुई तिच्या बैठकीत चिकटते, पंपाचा पडदा सुकून तडकतो. दिघ्यासारख्या खाडीकाठी यात दमट, खारी हवा भर घालते: अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्पाचे पाणी होते आणि पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसून पत्रा गंजवते, डिस्ट्रिब्यूटरमधल्या कॉन्टॅक्ट पॉइंटांवर, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा प्रवाह नेमक्या क्षणी तोडणाऱ्या दोन धातूच्या टोकांवर, करडी बुरशी चढल्यासारखा ऑक्साइडचा थर येतो. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गाडी बंद करताना उघडा राहिला असेल त्याच्या आत तोच ओलावा शिरतो आणि व्हॉल्व्हची दांडी तिच्या नळीत जखडून बसते. चारही सिलिंडर एकाच वेळी न बिघडता एखादाच का बिघडतो याचे एक उत्तर येथे आहे.

जुन्या पठडीतला उस्ताद, म्हणजे ज्याच्या हाताखाली पोऱ्ये काम शिकतात तो मुख्य कारागीर, गाडीला चावी लावण्याआधी टाकीचे झाकण काढून वास घेई. ताज्या पेट्रोलचा वास नाकाला झोंबतो, शिळ्या पेट्रोलला वॉर्निशसारखा जड, आंबूस वास येतो, आणि तो आला की टाकी रिकामी केल्यावाचून पुढचे सारे व्यर्थ असते. त्यानंतर हँडल मारून इंजिन हाताने सावकाश फिरवले जाई. हे काम वेगाने करायचे नसते; दोन पूर्ण फेऱ्यांत चार वेळा हाताला विरोध जाणवला पाहिजे, कारण प्रत्येक सिलिंडर आपापल्या वेळी मिश्रण दाबतो, आणि एखाद्या ठिकाणी हँडल पोकळ गेले तर त्या सिलिंडरचा दाब सुटतो आहे हे तळहाताला आधी कळते. त्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा फिरवल्यावर विरोध वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, कारण ऑइलने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजतात; फरक पडला नाही तर व्हॉल्व्हचा. एका चमचाभर ऑइलने दोन शक्यता वेगळ्या करणारी ही चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य व्हावी इतकी नेटकी आहे.

इंजिन सुरू झाल्यावर उस्ताद विजेच्या धक्क्यापासून बचाव करणारी पकड घेऊन प्लगच्या वायरी एकामागून एक काढून पाही. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी बसते. मुक्या सिलिंडरची काढली तर आवाजात काहीच बदल होत नाही. तो सिलिंडर सापडला की त्याचा प्लग बाहेर काढून त्याचे तोंड वाचले जाई: कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे ठिणगी नाही, पांढुरके तोंड म्हणजे पेट्रोल कमी किंवा कुठून तरी फुकटची हवा. ठिणगीचा दोष असेल तर पॉइंट पॉलिश पेपरने घासून फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याने, त्यांच्यातले अंतर लावले जाई. हवेचा संशय असेल तर कार्बोरेटरच्या पायाशी, जेथे पॅकिंग सुकून आकसलेले असते, तेथे चालू इंजिनावर ऑइलचे थेंब टाकले जात. क्षणभर आवाज सुधारला तर फट तेथेच. जेट मात्र तारेने कधी टोचायचे नाही, तोंडाने किंवा हवेच्या दाबाने फुंकूनच साफ करायचे, ही शिस्त पोराला पहिल्या वर्षीच लावली जाई, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र केसभर रुंद झाले तरी इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते.

दसऱ्याला पाने, पकडी आणि जॅक यांच्यावर हळदकुंकू वाहून झेंडूचे हार घालण्याची गॅरेजमधली पद्धत सर्वांना माहीत आहे. या चाचण्यांचा ठरलेला क्रम हाही त्याच परंपरेचा तेवढाच मोलाचा भाग आहे, आणि तो जपण्याकडे दुर्लक्ष होणे ही मराठी तांत्रिक लेखनाची मोठी उणीव आहे.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तीन सिलिंडरांचेच इंजिन आल्याने ‘तीनवर चालते’ या बोलीचा अर्थ एका गाडीपुरता उलटला. त्याहून मोठा बदल पेट्रोलमध्ये झाला. १९९५पासून महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २०००मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. आरोग्याच्या दृष्टीने हे अत्यंत आवश्यक होते, पण प्लगच्या तोंडावरचा रंग फिका पडू लागल्याने तो वाचण्याची जुनी सवय मेकॅनिकांना नव्याने घडवावी लागली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे २०००नंतर नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या नळ्या, आणि पॉइंट तर त्याआधीच मागे पडले होते. आता गाडीचा संगणक क्रँकशाफ्टच्या फिरण्यातला सूक्ष्म वेगबदल मोजून पेटण्यातला खाडा स्वतःच ओळखतो: स्कॅनर जोडला की पी०३०१ हा संकेत पहिल्या सिलिंडरचा दोष दाखवतो, पी०३०० हा एका ठिकाणी न थांबणारा. वायर काढून कान देण्याचे काम यंत्राने घेतले, मात्र कोणता सिलिंडर हे सांगणारा संकेत का ते सांगत नाही, आणि तेथून पुढे ठिणगी, पेट्रोल, हवा, दाब हीच जुनी वाट चालावी लागते.

२६ जुलै २००५च्या पावसाने, ज्यात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, या विद्येत एक नवा नियम घातला. पाण्यात बुडून अनेक दिवस उभ्या राहिलेल्या गाडीला स्टार्टर मारला तर सिलिंडरातले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून आधी सर्व प्लग काढून इंजिन मोकळे फिरवायचे आणि मगच पुढे जायचे. मार्च २०२०मधल्या टाळेबंदीने उलट प्रकारची परीक्षा घेतली: कोरड्या, झाकलेल्या, सोसायट्यांच्या आवारात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि उंदरांनी सेन्सरांच्या वायरी कुरतडल्या, त्यामुळे संगणक दाखवत असलेला दोष अनेकदा इंजिनाचा नसून वायरीचा निघे.

पेट्रोलही पुन्हा बदलले आहे. २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि ते प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बनवतात, जो नेमका पंपाच्या तोंडाशी येतो. सीएनजीवर रोज धावणाऱ्या गाड्यांत तर एक विलक्षण प्रकार आढळतो: गाडी रोज फिरते, पण टाकीतले पेट्रोल वापरलेच जात नसल्याने ते मात्र महिनोन्‌महिने साठवलेलेच असते, आणि कधीतरी पेट्रोलवर घेताच तीच गाडी उभ्या गाडीसारखी अडखळते. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस २० वर्षांच्या मुदतीनुसार शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, आणि २०२४च्या जानेवारीत ठाणे व ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव हे रेल्वे स्थानक सुरू झाले. हँडल मारण्याचे भोक आता कोणत्याच नव्या गाडीत नाही. टाकीचे झाकण मात्र अजून उघडता येते, आणि स्कॅनर हाताशी असला तरी बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलचा वास घेणे हीच तपासणीची पहिली पायरी राहिली आहे.