तासाला २५ मिमी की ५०? शहर तुंबणार की नाही, हे ठरवणारा आकडा

पावसाळा सुरू झाला की हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं पुन्हा ट्रेंडिंगला येतात. गुडघाभर पाण्यातली बेस्टची बस, ढकलत नेलेली दुचाकी आणि खाली ठरलेली कमेंट: नालेसफाईचे पैसे गेले कुठे?

प्रश्न योग्यच आहे, पण तो अर्धाच आहे. नाला अगदी लख्ख साफ केला, तरी त्यातून किती पाणी जाणार हे तो बांधतानाच ठरलेलं असतं. आणि ते ठरतं एका आकड्यावरून.

हा आकडा नेमका काय आहे?

मुंबईतली पावसाचं पाणी वाहून नेणारी जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून केलेली होती, तोही ओहोटीच्या वेळी. पडलेल्या पाण्यापैकी निम्मं जमिनीत मुरेल, असाही हिशोब होता. तेव्हा मोकळी जमीन होती, त्यामुळे तो चालून गेला.

१९८५ साली मुंबईत पूर आला आणि पालिकेनं अभ्यास करायचं ठरवलं. त्यातून १९९३ मध्ये 'बृहन्मुंबई स्टॉर्म वॉटर डिस्पोजल सिस्टीम', म्हणजेच ब्रिमस्टोवॅड अहवाल तयार झाला. अहवालाचं म्हणणं होतं की तासाला ५० मिमी पाऊस धरा आणि शहरात आता पाणी मुरतच नाही असं समजा.

ऐकायला हे दुप्पट वाटतं. पण हिशोब करून बघा. एका एकरावर २५ मिमी पाऊस म्हणजे साधारण १ लाख लिटर पाणी. त्यातलं निम्मं मुरलं तर गटारात येतं ५० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ५ टँकर. त्याच एकरावर ५० मिमी पडलं आणि काहीच मुरलं नाही, तर २ लाख लिटर, म्हणजे २० टँकर. काम दुप्पट नाही, चौपट झालं.

मग अहवालाचं काय झालं?

१९९३ मध्ये या कामांचा अंदाज होता ६१६ कोटी रुपये. पैशांअभावी बरीचशी कामं मागे पडली. दरम्यान शहर वाढत गेलं, मोकळ्या जागांवर काँक्रीट आलं, मिठी नदी अरुंद होत गेली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. कुलाब्यात त्याच दिवशी फक्त ७३ मिमी. शेकडो लोकांचा जीव गेला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि कपाटातला ब्रिमस्टोवॅड पुन्हा बाहेर आला. २००७ मध्ये केंद्रानं त्यासाठी १,२०० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे १४ वर्षांच्या उशिरानंतर बिल जवळपास दुप्पट झालं. माणसं गेली, ती वेगळीच.

नाले रुंद केले की प्रश्न सुटतो का?

नाही. मुंबईचं पाणी शेवटी समुद्रात जातं आणि समुद्राला भरती असते. नाले समुद्राला मिळतात ती अनेक तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मोठ्या भरतीत पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. अशा वेळी दरवाजे बंद करून पाणी पंपानं उपसावं लागतं. त्यासाठी ८ पंपिंग स्टेशन ठरली. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही ६ एकेक करून सुरू झाली. माहुल आणि मोगरा ही दोन मात्र वर्षानुवर्षं जागा आणि परवानग्यांमध्ये अडकली.

हिंदमाता तर बशीसारखा खोलगट भाग. तिथलं पाणी तात्पुरतं साठवण्यासाठी परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादरचं प्रमोद महाजन उद्यान इथे जमिनीखाली टाक्या बांधल्या गेल्या. भरती ओसरली की ते पाणी सोडायचं, अशी कल्पना.

सांडपाणी यात कुठे येतं?

मुंबईत कागदोपत्री दोन वेगळी जाळी आहेत. पावसाच्या पाण्याची वाहिनी वेगळी, मलवाहिनी वेगळी. प्रत्यक्षात अनेक वस्त्यांपर्यंत मलवाहिनी पोचलेलीच नाही, त्यामुळे त्यांचं सांडपाणी थेट नाल्यात जातं. जिथे फक्त चार महिने पाणी हवं, तिथे ते बारा महिने वाहतं. गाळ साचतो आणि नाल्याची क्षमता आणखी घटते. मिठी नदीचा नाला झाला तो असाच. सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या ७ नव्या केंद्रांचं भूमिपूजन झालं ते जानेवारी २०२३ मध्ये.

जगात काय करतात?

१८५८ साली थेम्स नदीच्या दुर्गंधीनं लंडन हैराण झालं, तेव्हा इंजिनिअर जोसेफ बाझलगेट यांनी शहराच्या तेव्हाच्या गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या मलवाहिन्या बांधल्या. त्या आजही वापरात आहेत. तरीही त्या कमी पडू लागल्या, म्हणून थेम्सखाली २५ किलोमीटरचा नवा बोगदा खोदावा लागला. टोकियोजवळ पुराचं पाणी वळवणारा ६.३ किलोमीटरचा भूमिगत बोगदा १९९२ मध्ये सुरू होऊन २००६ मध्ये पूर्ण झाला. दोन्हीकडे विचार केला गेला तो पुढच्या पिढीचा.

आपल्या गावाचा याच्याशी काय संबंध?

परभणीला महापालिका मिळाली २०११ मध्ये. मराठवाड्यातली अशी शहरं आणि त्यांच्या आसपासची पेडगावसारखी गावं आज वाढत आहेत. मुंबईनं जे गमावलं, ते इथे अजून शिल्लक आहे: पाणी मुरायला जागा.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि डासही कमी झाले. 'नांदेड पॅटर्न' म्हणून तो राज्यभर गाजला. अर्थात, खड्डा विहीर-बोअरपासून लांब हवा, त्यात संडासाचं पाणी सोडायचं नाही आणि काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, म्हणून तो त्या हिशोबानं मोठा खणावा लागतो.

मलवाहिन्यांची आखणी साधारण ३० वर्षं पुढचा विचार करून केली जाते. त्यामुळे आज तुमच्या रस्त्याखाली पडणारा पाइप तुमची मुलं मोठी झाल्यावरही तिथेच असणार आहे. गल्लीत गटाराचं काम सुरू झालं, तर नगरसेवकाला किंवा ग्रामसेवकाला तीन प्रश्न नक्की विचारा. हे तासाला किती मिलिमीटर पाऊस धरून बांधताय? यात सांडपाणी मिसळणार आहे का? आणि हे पाणी शेवटी जाणार कुठे?

काँक्रीट पडण्याआधी विचारा. नंतर उत्तर बदलायचं तर रस्ता पुन्हा खोदावा लागतो.