कुळाचे गाणे

आयर्लंडच्या वायव्येस, डॉनेगॉल परगण्यात, ग्वीडोर नावाचा प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकात दुष्काळ, स्थलांतर व इंग्रजी शाळा यांमुळे आयरिश भाषा देशाच्या बहुतेक भागांतून मागे हटली. येथे ती घराघरांत टिकून राहिली. १९७० साली येथे ‘क्लॅनड’ हा गायकवृंद उभा राहिला. मॉया, किअरन व पोल ही ब्रेनन भावंडे आणि नोएल व पॉड्रिग डुगन हे त्यांचे जुळे मामा, अशी ही पाच माणसे. वृंदाचे नावही ‘डोर गावचे कुळ’ या अर्थाच्या आयरिश शब्दांवरून घडविलेले. वडिलांच्या मद्यगृहात ही मंडळी गात, आणि वडीलधाऱ्यांच्या मुखातील जुनी गीते हार्प, बासरी व गिटार यांच्या साथीने मांडीत. पुढे १९८२ साली ‘हॅरीज गेम’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यांनी रचलेले आयरिश गीत ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पाचव्या स्थानी पोहोचले. गीत नवे होते. वळण मात्र जुन्या गाण्यांचे. या यशापेक्षा त्यामागील क्रम आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो: आधी घर, मग गाणे आणि शेवटी रंगमंच. घरी मुकी झालेली भाषा रंगमंचावर फार काळ गात नाही.