तापात येणारी आकडी : घाबरू नका, वेळ पाहा

दीड वर्षाच्या बाळाला दुपारपासून किंचित ताप असतो. संध्याकाळी एकाएकी त्याचे डोळे वर जातात, अंग ताठ होते, हातपाय झटके देऊ लागतात, ओठ निळसर पडतात आणि हाक मारली तरी ते ओ देत नाही. हे दृश्य प्रथमच पाहणाऱ्या आईवडिलांना मूल हातचे जाते की काय, असेच वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ही तापामुळे आलेली आकडी असते आणि ती काही मिनिटांत आपोआप थांबते. मात्र त्या मिनिटांत काय करावे आणि काय टाळावे, हे आधीच ठाऊक असणे अत्यंत आवश्यक आहे.

आकडी का येते?

सहा महिने ते पाच वर्षे या वयात मेंदूची वाढ वेगाने होत असते आणि तापाचा त्यावर चटकन परिणाम होतो. शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असताना काही बालकांच्या मेंदूतील विद्युत्संदेश क्षणभर विस्कळीत होतात व आकडी येते. दर शंभर बालकांपैकी सुमारे दोन ते पाच बालकांना हा अनुभव येतो. बारा ते अठरा महिने या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. सर्दी-खोकल्याचे विषाणू, कानाचा संसर्ग, अंगावर पुरळ आणणारे विषाणुजन्य ताप ही त्याची नेहमीची कारणे होत. पुष्कळदा तापाच्या पहिल्याच दिवशी आकडी येते, किंबहुना ताप आहे हे घरच्यांना आकडी आल्यावरच कळते. त्यामुळे ‘आपले लक्ष नव्हते’ म्हणून पालकांनी स्वतःस दोष देण्याचे कारण नाही. आई, वडील किंवा भावंडांना लहानपणी असा त्रास झाला असेल, तर बालकाला तो होण्याचा संभव वाढतो.

साधी आणि गुंतागुंतीची

संपूर्ण शरीराला एकाच वेळी झटके येणे, पंधरा मिनिटांच्या आत थांबणे आणि चोवीस तासांत पुन्हा न येणे, ही साध्या आकडीची लक्षणे होत. बहुतेक बालकांना याच प्रकारची आकडी येते. शरीराच्या एकाच बाजूला झटके येणे, आकडी पंधरा मिनिटांहून अधिक काळ टिकणे किंवा एकाच दिवसात पुन्हा येणे, याला गुंतागुंतीची आकडी म्हणतात. तिची अधिक तपासणी करावी लागते.

त्या पाच मिनिटांत काय करावे?

प्रथम घड्याळ पाहावे. घाबरलेल्या मनाला एक मिनिटही दहा मिनिटांसारखे वाटते आणि पुढील सर्व निर्णय वेळेवर अवलंबून असतात. बाळाला जमिनीवर किंवा सपाट, सुरक्षित जागी कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ वा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. आसपासच्या टणक व टोकदार वस्तू दूर साराव्यात. घरात दुसरे कोणी असल्यास त्यांना भ्रमणध्वनीवर चित्रण करण्यास सांगावे. हे चित्रण डॉक्टरांना निदानासाठी फार उपयोगी पडते.

काय करू नये?

दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा, बोट किंवा कापड घालण्याची प्रथा अनेक घरांत आहे. त्यामुळे दात तुटतात, जबड्याला इजा होते आणि श्वास अडकू शकतो. आकडीत जीभ गिळली जात नाही, हे लक्षात ठेवावे. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने अथवा हातात किल्ल्या दिल्याने आकडी थांबत नाही. ती आपल्या वेळेनेच थांबलेली असते आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते. झटके देणारे हातपाय दाबून धरू नयेत. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी, दूध किंवा तोंडाने औषध देऊ नये. बाळाला थंड पाण्यात बुडवू नये.

रुग्णालय केव्हा गाठावे?

आकडी पाच मिनिटांत न थांबल्यास विलंब न करता १०८ किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा बाळाला जवळच्या रुग्णालयात न्यावे. पहिलीच आकडी असेल, तर ती थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आकडीनंतर थोडा वेळ गुंगी येणे स्वाभाविक आहे. मात्र ती न उतरणे, मान ताठ होणे, टाळू फुगणे, सतत उलट्या, अंगावर जांभळे डाग किंवा श्वासाला त्रास ही मेंदूज्वराची किंवा अन्य गंभीर आजाराची लक्षणे असू शकतात. हिवतापाचा प्रादुर्भाव असलेल्या भागांत रक्ततपासणी टाळू नये. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला आलेली आकडी आणि ताप नसताना आलेली आकडी यांना ‘तापाची आकडी’ समजून घरी थांबू नये.

ताप उतरवण्याचे औषध

पॅरासिटामॉलने बाळाला आराम पडतो, परंतु त्यामुळे आकडी टळतेच असे नाही. औषधाची मात्रा वयावर नव्हे, तर वजनावर ठरते. दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने द्यावी आणि दिवसात चारपेक्षा अधिक वेळा देऊ नये. थेंबांच्या स्वरूपातील औषध सिरपपेक्षा पुष्कळ तीव्र असते. दोहोंची गल्लत झाल्यास अतिमात्रेचा धोका संभवतो, म्हणून बाटलीवरील लेबल वाचूनच औषध मोजावे. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

पुढे काय?

एकदा आकडी आलेल्या बालकांपैकी सुमारे एकतृतीयांश बालकांना पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. पहिली आकडी एक वर्षाच्या आत आली असेल, तर हा संभव अधिक असतो. साध्या आकडीमुळे बुद्धीवर किंवा वाढीवर परिणाम होत नाही. पुढे अपस्मार, म्हणजेच फेफरे, होण्याचा धोकाही इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असतो. म्हणूनच साध्या आकडीसाठी रोज घ्यावयाच्या औषधांची सहसा गरज नसते. वारंवार किंवा दीर्घ आकडी येणाऱ्या बालकांसाठी डॉक्टर नाकात फवारण्याचे मिडाझोलाम घरी ठेवण्यास सांगतात. ते केव्हा व किती वापरायचे, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने आणि बाळ सांभाळणाऱ्या व्यक्तीने शिकून घ्यावे.

काही लसींनंतर येणाऱ्या तापातही क्वचित आकडी येते. त्या भीतीने लसीकरण थांबवू नये, कारण गोवरासारख्या आजाराचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. डॉक्टरांना पूर्वीच्या आकडीची माहिती देऊन लस वेळेवर घ्यावी.

बहुतेक मुलांची ही आकडी पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत थांबते. तोवर बाळाचे वजन, औषधाची मात्रा, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता एका कागदावर लिहून तो घरातील सर्वांना दिसेल अशा जागी लावून ठेवावा.