लिनक्सने बिटकीपर का सोडलं

२००२पर्यंत लिनस टोरवाल्ड्स लिनक्स कर्नलचा सगळा पसारा कुठल्याही व्हर्जन कंट्रोलशिवाय (म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीशिवाय) सांभाळत होता. ईमेलने पॅच यायचे, पसंत पडले तर तो स्वतः जोडायचा. सीव्हीएस या व्हर्जन कंट्रोल प्रणालीचा त्याला मनस्वी तिटकारा. मग त्याने लॅरी मॅकव्हॉयच्या कंपनीचं बिटकीपर हे व्हर्जन कंट्रोल घेतलं: फुकट, पण बंदिस्त; शिवाय फुकट वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारं काही बनवायचं नाही, ही अट. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कर्ता रिचर्ड स्टॉलमनने त्यावर टीका केली. मला विचाराल तर रास्तच होती. पण बिटकीपरमुळे काम झपाट्याने होऊ लागलं, हेही खरं.

अँड्र्यू ट्रिजेलने (सांबा हे सॉफ्टवेअर लिहिणारा तोच) टेलनेटने बिटकीपरचा सर्व्हर गाठला आणि ‘हेल्प’ टाइप केलं. सर्व्हरने आज्ञांची यादीच पुढ्यात ठेवली! त्यावरून २००५मध्ये मॅकव्हॉयने फुकट परवाना काढून घेतला. टोरवाल्ड्स उखडला तो ट्रिजेलवर. हे मला आजही पटत नाही.

आता टोरवाल्ड्सला पर्याय हवा होता. मोनोटोन या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोलची कल्पना त्याला आवडली, पण ते फार हळू चाले. ३ एप्रिलला त्याने स्वतःच गिट हे नवं व्हर्जन कंट्रोल लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिट आपलाच कोड सांभाळू लागलं. जूनमधली कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरूनच निघाली. जुलैत गिटची देखभाल जुनिओ हमानोकडे सोपवून लिनस कर्नलकडे परतला.