पांबनचा रस्ते पूल : रामेश्वर बेटाला जोडणारा काँक्रीटचा मार्ग

काशी-रामेश्वर झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. पण रामेश्वर हे बेट आहे, हे गाडी पांबनच्या पुलावर चढेपर्यंत बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही. तामिळनाडूतील मंडपम आणि पांबन यांच्यामधल्या समुद्रावर २.३४५ किलोमीटर लांबीचा हा पूल आहे. काम १९७४ ला सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी पूल वाहतुकीस खुला केला. म्हणजे तब्बल चौदा वर्षे लागली! अधिकृत नाव अन्नाई इंदिरा गांधी रस्ते पूल. अन्नाई म्हणजे आई.

त्याआधी बेटावर जायला १९१४ चा रेल्वे पूल, नाहीतर होडी. बस, ट्रक थेट पलीकडे नेण्याची सोय नव्हती. एकाच पुलावर सगळा भरवसा ठेवला की काय होतं, ते डिसेंबर १९६४ मध्ये दिसलं. २२ तारखेच्या रात्री आलेल्या चक्रीवादळात धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले, पॅसेंजर गाडी प्रवाशांसह लाटांनी गिळली आणि रेल्वे पुलाचेही मोठे नुकसान झाले. तो पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा करणारे अभियंता ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वे उभारली ती याच श्रीधरन यांनी.

रेल्वे पूल पाण्यालगत असल्याने जहाज आले की त्याचा मधला भाग उघडावा लागे. रस्ते पूल मात्र मध्ये उंच घेतलाय, त्यामुळे बोटी खालून जातात आणि वरची वाहतूक थांबत नाही. खरी डोकेदुखी आहे ती खाऱ्या हवेची. मीठ काँक्रीटमध्ये मुरलं की आतली सळई गंजते, फुगते आणि वरचा थर तडकतो. त्यामुळे डागडुजी कायमचीच.

डिसेंबर २०२२ मध्ये जुना रेल्वे पूल बंद झाला. नवा सुरू झाला ६ एप्रिल २०२५ रोजी. मधली सव्वादोन वर्षे यात्रेकरू, किराणा, मासळी, आजारी माणूस, सगळं या रस्त्यानंच गेलं.

पुलावरून दोन्हीकडे समुद्र आणि शेजारी रेल्वे पूल दिसतो. फोटोसाठी गाड्या मध्येच उभ्या करतात, मग मागे रांग लागते. वारा जोराचा असतो. टोपी, मोबाईल सांभाळावा.