हुलकावणीचे शस्त्र

शत्रूवर घाव घालण्यापूर्वी त्याचा भाता रिकामा करावा, ही युद्धशास्त्रातील जुनी युक्ती होय. विमानवेधी क्षेपणास्त्रांच्या युगात तिला नवे रूप आले. त्याचा सर्वांत बोधप्रद प्रसंग लेबाननमधील बेका खोऱ्यात घडला.

ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात इजिप्त व सीरिया यांच्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्रांनी इस्रायलच्या विमानदळाला जबर तडाखा दिला. त्या युद्धात इस्रायलची सुमारे १०० विमाने नष्ट झाली. मात्र त्याच वेळी गोलन टेकड्यांवर 'चुकर' नावाची वैमानिकरहित याने धाडण्यात आली. चकोर पक्ष्याचे नाव धारण करणारी ही याने मुळात तोफखान्याच्या नेमबाजीसाठी बनविलेली होती. त्यांनाच खरी विमाने समजून सीरियन सैनिकांनी आपली क्षेपणास्त्रे खर्ची घातली.

हा धडा इस्रायल विसरला नाही. ९ जून १९८२ रोजी बेका खोऱ्यात सीरियाची १९ क्षेपणास्त्र-पथके सज्ज होती. प्रथम त्यांच्यावर पोकळ याने सोडण्यात आली. रडारला विमान दिसत नाही, केवळ त्याचा प्रतिध्वनी उमटतो. आणि तो प्रतिध्वनी लहानशा यानालाही मोठा करून दाखविता येतो. सीरियन रडार जागी झाली, क्षेपणास्त्रे सुटली. रडारच्या लहरींनीच त्यांचे ठिकाण उघड केले, आणि मग खरी विमाने आली. सुमारे दोन तासांत १९ पैकी १७ पथके नामशेष झाल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते.

रक्षणकर्त्याची कोंडी येथेच आहे. मारा करावा तर शस्त्र संपते व जागा कळते. न करावा तर त्या पोकळ थव्यातील एखादे खरे अस्त्र निसटून शहरावर कोसळते.

जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकेने इराकविरुद्ध हीच युक्ती योजिली. युक्रेनच्या युद्धात तर रशियाने २०२४ पासून लाकडी फळ्या व फेस-प्लास्टिक यांची 'गेर्बेरा' याने स्फोटक ड्रोनच्या थव्यांत मिसळून धाडली. पूर्वी फसवणूक तासाभराची असे; आता ती रात्रीमागून रात्र चालते. स्वस्त बुजगावण्यावर महाग बाण खर्चिणाऱ्याचा भाता अखेर रिता होतो. म्हणूनच स्वस्त तोफा व स्वस्त प्रतिरोधक याने यांचा शोध सुरू झाला. पराक्रमाइतकाच काटकसरीचा हिशेबही आकाशाच्या रक्षणास आवश्यक असतो, हेच या इतिहासाचे सार होय.